सॅजिटेरिया सुब्युलाटा

सॅजिटेरिया सुब्युलाटा ही ॲलिस्मेटेसी कुलातील बहुवर्षायू पाणवनस्पती आहे. मत्स्यालयांच्या व्यापारात ती 'ड्वार्फ सॅजिटेरिया' या नावाने ओळखली जाते. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात तळावर हिरवळीसारखे आच्छादन तयार करण्यासाठी ती लावतात. कार्बन डायऑक्साइड वायूचा वेगळा पुरवठा न करताही ती वाढत असल्याने नवशिक्यांसाठी सोयीची मानली जाते.

नाव व वर्गीकरण

कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये या वनस्पतीचा समावेश ॲलिस्मा प्रजातीत केला होता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ बुखेनाउ यांनी १८७१ मध्ये ती सॅजिटेरिया प्रजातीत आणली. लॅटिन भाषेत 'सॅजिटा' म्हणजे बाण व 'सुबुला' म्हणजे चांभाराची आरी. प्रजातीतील इतर काही जातींची पाने बाणाग्रासारखी असतात. या जातीची पाण्यातील पाने मात्र अरुंद, पट्टीसारखी व टोकाकडे निमुळती असतात.

अधिवास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्सपासून फ्लोरिडापर्यंत ही वनस्पती आढळते. भरती-ओहोटीच्या नद्यांतील चिखलात व वाळूत ती वाढते. त्यामुळे तिला मचूळ पाणीही सोसते.

वर्णन

पाने बुडाशी झुबक्याने येतात. फुले पांढरी व तीन पाकळ्यांची असून लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात. मातीलगत सरपटणाऱ्या धावत्या खोडाच्या पेऱ्यांवर नवी रोपे फुटतात. अशा रोपांची साखळी पसरत जाऊन तळ झाकला जातो.

मत्स्यालयातील लागवड

तळाशी ५ ते ८ सेंमी जाडीचा बारीक रेतीचा थर देतात. रोपे ४–५ सेंमी अंतरावर लावतात. मुळे रेतीत पुरतात, पण पाने जिथून फुटतात तो भाग वर ठेवतात; तो गाडला गेल्यास रोप कुजते. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपांची जुनी पाने पाण्यात बुडवल्यावर बहुधा गळतात. मुळे व कोंब शाबूत असल्यास पाण्यात टिकणारी नवी पाने येतात, म्हणून अशी रोपे लगेच उपटून टाकू नयेत.

सुमारे २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान या वनस्पतीला मानवते. दुष्फेन पाणीही चालते. त्यामुळे कूपनलिकेच्या पाण्यावरही ती वाढवता येते. ती अन्नद्रव्ये मुख्यतः मुळांवाटे घेते. म्हणून नुसत्या धुतलेल्या रेतीत मुळांजवळ खताच्या गोळ्या पुरणे उपयुक्त ठरते. नवी पाने पिवळी पडणे हे बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते.

चांगल्या प्रकाशात पाने सामान्यतः ५ ते १५ सेंमी राहतात. मंद प्रकाशात किंवा फार दाटी झाल्यास ती ३० सेंमीहूनही लांब होतात. उंच वाढलेली पाने अर्ध्यावर कापण्यापेक्षा ती बुडापासून काढणे व रोपे विरळ करणे योग्य ठरते. गोल्डफिशसारखे तळ उकरणारे मासे नवी रोपे उपटून टाकतात.

पर्यावरणीय दक्षता

विरळणीतून निघालेली रोपे नदी, ओढा, तलाव किंवा गटारात टाकू नयेत. कोंब असलेल्या धावत्या खोडाच्या तुकड्यापासूनही नवे रोप तयार होते. याच प्रजातीतील सॅजिटेरिया प्लॅटिफिला ही उत्तर अमेरिकी जाती ऑस्ट्रेलियात व दक्षिण आफ्रिकेत आक्रमक तण ठरली असून, कालवे व पाणथळ जागांत तिने दाटी केली आहे. नको असलेली रोपे उन्हात पूर्ण वाळवून मगच कंपोस्ट खड्ड्यात टाकावीत.