नाव देण्याआधीचे चित्र

चित्रकलेच्या शिक्षकाने जनरल सेमँटिक्सच्या वाटेला का जावे, असा प्रश्न ही टिपणे हाती घेणाऱ्याला पडणे साहजिक आहे. नावावरून विषय भाषाशास्त्राच्या वर्गातला वाटतो. पण शब्दांचे अर्थ लावणे हे त्याचे मुख्य काम नाही. माणूस पाहतो, पाहिलेल्यातले थोडेसे उचलतो, त्याला नाव देतो आणि मग त्या नावालाच वस्तू समजून वागू लागतो. या प्रवासात काय काय गळते आणि आपण पदरचे काय काय घालतो, याचा हा अभ्यास आहे. चित्रकलेच्या तासाला आपल्याला अडणाऱ्या बहुतेक गोष्टी याच प्रवासात कुठेतरी दडलेल्या असतात.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना मुले बसवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. स्मरणचित्राचा कागद समोर आला की मुलाला आठवते ते ‘झाड’ या शब्दाबरोबर शिकलेले चिन्ह: तपकिरी खांब आणि वर हिरवा ढग. भिवंडीत बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीतून पिंपळ उगवतो, त्याची मुळे विटांच्या सांध्यांतून खाली उतरतात. ते झाड मुलगा रोज पाहतो. कागदावर मात्र दोन डोंगर येतात, त्यांच्या मधला सूर्य येतो, नदी आणि कौलारू घर येते. मुलाला निरीक्षण नाही, असे आपण चटकन म्हणून टाकतो. माझे मत वेगळे आहे. निरीक्षण त्याच्यापाशी भरपूर असते. ते कागदापर्यंत पोचण्याआधी नाव मध्ये येऊन उभे राहते.

१९३२ साली कारमायकेल, होगन आणि वॉल्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याविषयीचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना काही संदिग्ध आकृत्या दाखवल्या. दोन वर्तुळे आणि त्यांना जोडणारी एक छोटी रेघ, ही त्यांतली एक. काहींना ती दाखवताना ‘चष्मा’ हा शब्द सांगितला, काहींना ‘डंबेल’. नंतर तीच आकृती आठवून काढायला सांगितल्यावर अनेकांच्या कागदावर ती ऐकलेल्या शब्दाच्या बाजूला झुकली. कुणाच्या चित्रात रेघ चष्म्यासारखी वाकली, कुणाच्या चित्रात दांड्यासारखी जाड झाली. डोळ्यांपुढची आकृती सर्वांना एकच मिळाली होती. हा प्रयोग वर्गात करायला फळा, खडू आणि दोन प्रकारच्या चिठ्ठ्या पुरतात. स्मरणचित्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्यानंतर आपण मुलांच्या चुकांकडे पूर्वीसारखे पाहू शकत नाही.

याच सुमारास जनरल सेमँटिक्सचे संस्थापक आल्फ्रेड कॉर्झिब्स्की आपला मोठा ग्रंथ लिहीत होते. १८७९ साली वॉर्साला जन्मलेला हा अभियंता पहिल्या महायुद्धात रशियन सैन्यात होता. तिथून कॅनडा आणि अमेरिकेत गेला. ज्या मानवजातीला पूल नेमका बांधता येतो, तिचे आपापसांतले व्यवहार असे का कोसळतात, हा प्रश्न त्यांनी युद्धातून बरोबर नेला. ‘मॅनहुड ऑफ ह्युमॅनिटी’ (१९२१) या पुस्तकात त्यांनी म्हटले की माणसाचे वेगळेपण काळ बांधून ठेवण्यात आहे. एक पिढी जिथे थांबते तिथून दुसरी सुरू करू शकते. ‘सायन्स अँड सॅनिटी’ १९३३ साली आले आणि १९३८ मध्ये शिकागोत इन्स्टिट्यूट ऑफ जनरल सेमँटिक्स उभी राहिली. नकाशा आणि प्रदेश यांची गल्लत करू नका, हे त्यांचे सूत्र जगभर गाजले. त्याची पुढची दोन अंगे मात्र फारशी सांगितली जात नाहीत: नकाशा उपयोगी पडतो तो त्याची रचना प्रदेशाच्या रचनेशी जुळते म्हणून, आणि कोणताही नकाशा सगळा प्रदेश दाखवू शकत नाही.

ही दोन अंगे समजावायला भिवंडीबाहेर जाण्याची गरज नाही. इथल्या यंत्रमागांवर मुख्यतः साधे कापड निघते, पण डॉबी-जॅकार्डचे काम जाणणारी माणसे गावात आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी वर्गात बोलवावे. जॅकार्डचे डिझाइन आधी ग्राफच्या कागदावर उतरते. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे बाण्याचा एक धागा. घर भरले की त्या जागी ताणा वर. त्यावरून कार्डांना भोके पडतात आणि कार्डांच्या हुकमाने धागे उचलले जातात. आता समजा, कापडात इंचाला ८० उभे धागे आहेत आणि ४० आडवे. चौरस घरांच्या कागदावर ८० घरे रुंद आणि ८० घरे उंच असे वर्तुळ काढले, तर कापडात ते एक इंच रुंद आणि दोन इंच उंच उतरेल. कागदावरचे गोल मागावर लंबगोल होईल. म्हणून जाणकार डिझाइनर धाग्यांच्या प्रमाणात आखलेला कागद घेतो. या उदाहरणात रुंदीच्या दुप्पट उंचीच्या घरांचा. कागद आणि कापड यांची रचना अशी जुळवली की कागदावरचे वर्तुळ कापडातही वर्तुळच राहते.

एवढे करूनही त्या ग्राफवर सुताचा पीळ नाही, चमक नाही, सायझिंगच्या खळीचा कडकपणा नाही, हाताला लागणारा खरखरीत स्पर्श नाही. एकाच ग्राफवरून सुती, रेयॉन आणि पॉलिएस्टर अशी तीन कापडे काढली तर ती तीन वेगळी कापडे होतात. चित्र हाही असा ग्राफ आहे आणि शब्द तर त्याहून विरळ ग्राफ आहे, हे आठवीतल्या मुलाला इथे दहा मिनिटांत कळते. ज्याच्या घरात माग चालतो त्याला कदाचित आपल्याआधीच कळलेले असते.

कॉर्झिब्स्कींनी या कल्पनेसाठी हाताने हाताळायचे एक साधन घडवले आणि १९२५ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. सगळ्यात वर, वरच्या बाजूने फाटका ठेवलेला एक मोठा आकार, तो म्हणजे सतत बदलणारी घटना. त्याखाली एक चकती, म्हणजे आपल्या इंद्रियांना गवसलेली वस्तू. त्याखाली एकाखाली एक चिठ्ठ्यांसारख्या पट्ट्या, म्हणजे नाव, वर्णन, अनुमान. प्रत्येक तुकड्याला भोके आणि भोकांतून खालच्या तुकड्याकडे जाणारे दोरे. काही दोरे खालपर्यंत पोचून जोडलेले, बरेचसे अधांतरी लोंबणारे. हे लोंबणारे दोरे म्हणजे नाव देताना सुटून गेलेले गुण. तत्त्वज्ञानाची इतकी हाताळता येणारी आकृती मला दुसरी माहीत नाही. पुठ्ठा, पंच आणि मागाखालचे टाकाऊ सूत एवढ्यात ती कार्यानुभवाच्या तासाला तयार होते.

वर्गासाठी दुसरा सराव इथल्याच कापडाचा आहे. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला सगळे गाव ‘ग्रे’ म्हणते. त्या कापडाचा तागा न पाहता रंगवायला सांगावा आणि मग तोच तागा खिडकीपाशी ठेवून रंगवायला सांगावा. सुती ताग्यात पिवळट, दुधी, सावलीत निळसर, घडीच्या आत उबदार बदामी अशा छटा सापडू लागतात आणि राखाडी रंगाची डबी बाजूला पडते. इथे मुद्दा रंगज्ञानाचा आहे, आणि कॉर्झिब्स्की नाव देण्याआधीच्या ज्या न बोललेल्या पातळीबद्दल लिहितात तिच्यावर थोडा वेळ थांबण्याचाही आहे.

त्यांनी सुचवलेल्या साध्या युक्त्यांपैकी दोन चित्रकलेला थेट लागू पडतात: शब्दाला क्रमांक द्या आणि नावाला तारीख द्या. झाड-१ म्हणजे झाड-२ नव्हे. तारखेच्या युक्तीसाठी मी भिवंडीचेच नाव घेईन, कारण या गावाने एका नावाखाली फार सोसले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर बाहेरच्यांच्या तोंडी ‘भिवंडी’ म्हणजे दंगल, हे समीकरण पक्के झाले. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एका मोहल्ल्यातली हिंदू-मुसलमान माणसे आणि पोलीस शिपाई नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. भिवंडी-१९८४ आणि भिवंडी-१९९२ ही एकच जागा, पण दोन वेगळी वास्तवे. तारीख न लावता गावाचे नाव उच्चारणारा माणूस जुना नकाशा घेऊन फिरत असतो. आज नाशिक महामार्गाच्या कडेने गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. आजच्या मुलांना ‘माझे गाव’ काढायला सांगताना कागदाच्या कोपऱ्यात साल लिहायला लावावे, एवढी छोटी सवय पुष्कळ काही करते.

चित्रकला आणि जनरल सेमँटिक्स यांची भेट आपण घडवतो आहोत असे नाही. कॉर्झिब्स्कींची संस्था ज्या शिकागोत निघाली त्याच शहरात १९३७ मध्ये चित्रकार मोहोली-नॉज यांनी न्यू बाउहाउस ही कलाशाळा सुरू केली होती. त्यांचे सहकारी ग्यॉर्गी केपेश यांच्या ‘लँग्वेज ऑफ व्हिजन’ (१९४४) या पुस्तकाला एस. आय. हायाकावा यांनी प्रास्ताविक लेख लिहिला. हायाकावा हे जनरल सेमँटिक्सचे सर्वांत वाचनीय भाष्यकार. बोलण्याच्या सवयी तपासाव्या लागतात तशा पाहण्याच्या सवयीही तपासाव्या लागतात, हे त्या काळी दोन्ही बाजूंना उमगले होते. पुढे चित्रकलेच्या शिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात पिकासोने काढलेले स्त्राविन्स्कीचे रेखाचित्र उलटे ठेवून उतरवायला लावले. चित्र उलटे असले की हात, नाक, खुर्ची ही नावे चटकन सुचत नाहीत आणि रेघ दिसू लागते. त्यांची मेंदूच्या दोन अर्धांची उपपत्ती आज त्या ढोबळ रूपात कुणी मानत नाही. सराव मात्र अजूनही कामाचा आहे.

पण या टिपणांमागे माझ्या मनात सर्वाधिक वेळ राहिले ते प्रभाकर बरवे (१९३६–१९९५). नागावला जन्मलेला, जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होता. आधी वाराणसीत, मग मुंबईत. दिवसा त्यांचा संबंध कापडाच्या आकृतिबंधांशी आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या चित्रांशी. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, फळ, शिंपला अशा ओळखीच्या वस्तू मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून अंतर ठेवून असतात. प्रत्येकीला नाव देता येते, आणि तरी नावे जोडून वाक्य बनवायला गेलो की चित्र हातात येत नाही. वस्तू, तिचा आकार, तिची जागा आणि त्यातून उठणारी प्रतिमा यांच्या संबंधांवर त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक मराठीत लिहिले. बरव्यांना कॉर्झिब्स्कींचे अनुयायी ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की मराठीतून या विषयात शिरणाऱ्याला घरचा दरवाजा उपलब्ध आहे. वस्तूवरची नावाची पकड सैल झाली की तिचा आकार दुसऱ्या आकारांना जाऊन भिडतो. सर्जक प्रतिमा जन्मते ती याच सैल जागेत. मागाचा धोटा हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवणाऱ्या मुलाला त्यात होडी, मासा, डोळा सापडतो. धोटा हा शब्द आधी फळ्यावर लिहिला तर हे कमी होते.

इथे एक सावधगिरी. शब्द हा पाहण्याचा शत्रू, असा निष्कर्ष कुणी काढू नये. ज्याला ट्विल हा शब्द ठाऊक आहे त्याला कापडावरची तिरकी ओळ लगेच दिसते. मला ती दुसऱ्या कुणी दाखवून द्यावी लागली. नाव डोळा उघडते आणि झाकतेही. म्हणून शिक्षकाने ठरवायचे असते ते नाव केव्हा द्यायचे.

कॉर्झिब्स्कींच्या मर्यादाही मोकळेपणाने सांगायला हव्यात. आपल्या पद्धतीने मज्जासंस्था सुधारेल, मनोविकार कमी होतील, असे त्यांचे दावे टिकलेले नाहीत. मार्टिन गार्डनर यांनी १९५२ मध्ये या चळवळीवर कठोर टीका केली आणि तिच्यात बरेच तथ्य होते. ‘सायन्स अँड सॅनिटी’ जाडजूड आहे, पुनरुक्तीने भरलेले आहे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. हायाकावांचे ‘लँग्वेज इन थॉट अँड ॲक्शन’ आधी वाचावे.

आपल्याकडे हा विचार अगदीच अनोळखी नाही. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाने प्रत्यक्ष आणि कल्पना यांच्यात काटेकोर रेघ ओढली. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त शब्दखंडनाला स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यांचे प्रश्न मोक्षाच्या दिशेने जातात, कॉर्झिब्स्कींचे व्यवहाराच्या. दोन्ही एकच, असे म्हणण्याची घाई केल्यास दोन्ही हातचे जातील. आजच्या भारतात या अभ्यासाला घर मिळाले ते बडोद्यात, बळवंत पारेख यांच्या पुढाकाराने २००९ साली स्थापन झालेल्या केंद्रामुळे. पारेख म्हणजे पिडिलाइटचे संस्थापक. ज्यांचे फेव्हिकॉल आपल्या प्रत्येक हस्तकलेच्या तासाला लागते, ते जनरल सेमँटिक्सचे निष्ठावान वाचक होते, ही गोष्ट चित्रकलेच्या शिक्षकांना आवडेल.

टिपणे क्रमाने वाचायला हवीत असे नाही. ज्यांना लगेच वर्गात जायचे आहे त्यांनी सराव आधी करावेत आणि सिद्धान्त नंतर. एक भाग जाणूनबुजून अपुरा ठेवला आहे. भिवंडीच्या गल्लीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू एकाच दुपारी ऐकू येतात आणि एका धोट्याला घराघरांत निरनिराळी नावे आहेत. या मुलांची स्मरणचित्रे त्यांच्या घरच्या भाषेप्रमाणे बदलतात का, हे फक्त इथल्या शिक्षकांना पाहता येईल. उर्दू आणि तेलुगू बोलणारी मुले ज्यांच्या वर्गात आहेत त्यांनी आपापल्या वर्गाची चित्रे, मुलांनी दिलेल्या नावांसह आणि तारखेसह, जपून ठेवावीत. पुढच्या आवृत्तीतले ते प्रकरण त्यांनीच लिहायचे आहे.