वेदी आणि मतपेटी

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पलोसी गर्भपाताच्या हक्काचा जाहीर पुरस्कार करतात, म्हणून त्यांना ख्रिस्तशरीर देऊ नये, असा आदेश सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप कॉर्डिलिओन यांनी मे २०२२ मध्ये काढला. गोदाकाठच्या गंगाखेडात ख्रिस्ती मते ती किती! तेव्हा हा वाद आमच्या भाविकांना सातासमुद्रापलीकडचा वाटावा, हे साहजिकच. परंतु संस्कार आणि सत्ता यांची गाठ आपल्या देशात फार पूर्वीच पडली आहे.

१ जुलै १९४९ रोजी रोमच्या होली ऑफिसने फर्मान काढले की, जे कॅथलिक समजून-उमजून व स्वखुशीने कम्युनिस्ट पक्षात जातील किंवा त्याला साह्य करतील, त्यांना संस्कार देऊ नयेत. पुढे एप्रिल १९५७ मध्ये केरळात कम्युनिस्टांचे सरकार आले आणि शिक्षणमंत्री झाले जोसेफ मुंडश्शेरी, कॅथलिक घराण्यातले आणि त्रिचूरच्या सेंट थॉमस कॉलेजातील एकेकाळचे प्राध्यापक! त्यांच्या शिक्षण विधेयकामुळे आपल्या शाळांची स्वायत्तता जाणार, म्हणून ख्रिस्तसभा विरोधात उभी राहिली. विधेयक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; ३१ जुलै १९५९ रोजी सरकारच बरखास्त झाले.

शाळांसाठी न्यायालयात जाणे, मोर्चा काढणे हा नागरिकांचा हक्कच होय. मतासाठी संस्कारांचा धाक घालणे ही गोष्ट मात्र निराळी, आणि आपला कायदाही ती निराळी मानतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे मतदाराला वा उमेदवाराला देवाच्या कोपाची अथवा धार्मिक शिक्षेची भीती घालणे हा भ्रष्ट आचार ठरतो. या विचाराचे मूळ शोधू गेल्यास आपण आयर्लंडात पोहोचतो. १८७२ साली गॉलवेची निवडणूक न्यायमूर्ती कीओ यांनी रद्द ठरविली, ती कॅथलिक धर्मगुरूंनी मतदारांवर आणलेल्या दडपणामुळे; आणि न्यायमूर्ती स्वतः कॅथलिकच होते. आम्हां झगेवाल्यांनी हा इतिहास विसरू नये. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हेच तत्त्व नामधारी शिखांच्या गुरूंच्या हुकमाला लावले.

म्हणून ख्रिस्तसभेची शिकवण सौम्य होते असे नव्हे. आपला १९७१ चा गर्भपातविषयक कायदा महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींतून आला. त्याला आपली संमती नाही. धर्मसंहितेचे ९१५ वे कलमही आहेच. पण ते उघड व गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यापुरते आहे. अशा माणसाची आधी एकांतात समजूत घालावी, हे बिशपांचे काम. निवडणुकीच्या तोंडावर प्रवचनपीठावरून ते साधत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कॉर्डिलिओन यांच्या आदेशानंतर पुढच्याच महिन्यात, २९ जूनला, रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकात पोप फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली मिस्साबलिदान झाले. त्यात पलोसी यांनी एका धर्मगुरूंच्या हातून ख्रिस्तशरीर स्वीकारले.