मराठींतील 'पास'

इंग्रजींतील जीं क्रियापदें आपल्या रोजच्या बोलण्यांत घरच्यासारखीं वावरतात, त्यांत 'पास'ला पहिला मान द्यावा लागेल. मुलगा परीक्षेंत पास होतो, कचेरींत बिल पास होतें, सभेंत ठराव पास होतो, आणि नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसनें रोज मुंबईस जाणारा नोकरदार महिन्याचा पास काढतो. इंग्रजीचें एक अक्षरही न शिकलेली आजी नातू पास झाला म्हणून देवापुढें साखर ठेवते. हा शब्द मुळांत क्रियापद आहे, याची दखल मात्र मराठीनें घेतली नाहीं. आपल्या रीतीप्रमाणें तिनें त्याचें विशेषण केलें आणि त्यापुढें 'होणें' किंवा 'करणें' जोडून दिलें.

इंग्रजींत याचा पहिला अर्थ जाणें, ओलांडणें असा आहे. लॅटिनमध्यें 'पासुस' म्हणजे पाऊल. त्यापासून निघून फ्रेंचच्या वाटेनें हा शब्द इंग्लंडांत पोंचला. तेथें दिवस सरतो तो याच शब्दानें, जेवतांना मीठ शेजाऱ्याकडे सरकवितात तें याच शब्दानें, आणि मरणाचें नांव टाळून माणूस गेला असें सांगावयाचें असलें तरी हाच शब्द कामीं येतो. डोंगरांतील खिंडही पासच. चेंडू 'पास' करणारीं मुलें सोडलीं, तर यांपैकीं एकही अर्थ आपण घेतला नाहीं. सरणें, ओलांडणें, जाणें, खिंड हे शब्द घरीं होतेच. घेतला तो केवळ संमतीचा अर्थ. जेथें कोणी परीक्षक, साहेब किंवा अध्यक्ष बसून 'ठीक' म्हणतो, तेथेंच मराठींतील 'पास' भेटतो.

याचें कारण इतिहासांत आहे. विद्येची परीक्षा आपल्याकडे नवी नव्हे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास जमणाऱ्या शास्त्रीमंडळींची दक्षिणा विद्वत्ता पाहून कमी-अधिक ठरे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तेव्हां मात्र कमी-अधिकाच्या आधीं एक रेघ आली. माणूस तिच्या अलीकडे किंवा पलीकडे. ही रेघ अगदी प्रथम ओलांडणाऱ्यांत आमच्या नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८४२ सालीं जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. १८६२ सालीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्यासह ते विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. पुढें सरकारी नोकरीचा दरवाजा या परीक्षांच्या किल्लीनें उघडूं लागला, आणि 'पास' हा शब्द ओसरीवरून माजघरांत गेला.

रेघेच्या अलीकडे राहिलेल्यांसाठींही शब्द हवा होता. इंग्रजींतील 'फेल' आला खरा. पण मराठीनें नालायक, नापसंत यांच्या चालीवर फारसी 'ना' इंग्रजी 'पास'ला लावून 'नापास' घडविला. या जोडकामाचें कौतुक वाटतें, तितकीच त्याची धास्तीही वाटते. इंग्रजींत 'त्यानें परीक्षा ओलांडली' अशी एका कृतीची हकीकत असते. आपल्याकडे तीच माणसाची अवस्था होऊन बसते. 'मुलगा मॅट्रिक पास आहे' हें वाक्य लग्नाच्या बैठकींत कुलगोत्राच्या खालोखाल उच्चारलें जाई. 'नॉन-मॅट्रिक' ही तर जन्माची पदवीच झाली. एका मार्च महिन्यांतील गोष्ट, पण ती केस पिकेपर्यंत माणसाला चिकटे. गणितांत दोन गुण कमी पडलेला मुलगा 'नापास झाला' एवढ्यावर भागत नाहीं; घरांत, गल्लींत तो 'नापास मुलगा' होतो. आम्हांस हा शब्दाचा मोठाच जुलूम वाटतो.

गंमत अशी, कीं ओलांडण्याचा जो अर्थ 'पास'नें मराठींत येतांना वाटेंत टाकला, तो आपल्या 'उत्तीर्ण'मध्यें शाबूत आहे. 'तॄ' म्हणजे तरून जाणें. जो पाण्यांतून पार होऊन वर आला तो उत्तीर्ण. 'तीर्थ' शब्दही याच धातूचा. म्हणजे रामकुंडांत स्नान करून गोदेच्या घाटाच्या पायऱ्या चढणारा यात्रेकरू अक्षरशः उत्तीर्णच म्हणावयाचा! आणि घाट हा शब्दही पाहण्यासारखा आहे: नदीच्या पायऱ्याही घाट, आणि मुंबईहून नाशिकास येतांना लागतो तो कसाऱ्याचाही घाटच. पाऊल आणि खिंड हे 'पास'चे दोन्ही धागे या एका शब्दांत बसले आहेत.

नाशिकचा 'पास'शीं आणखी एक संबंध आहे. पूर्वीं लंडनमध्यें छापून येणारीं हिंदुस्थानचीं टपालतिकिटें १९२६ सालापासून नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत छापलीं जाऊं लागलीं. पासपोर्टही तेथेंच छापले जातात. पेशवाईंत वाटेवरच्या चौक्यांवर दस्तक दाखवीत, त्याचाच हा आजचा वंशज. भाषेची काळजी वाहणाऱ्यांनीं त्याला 'पारपत्र' असें सुरेख नांव दिलें आहे आणि त्यांत पार जाण्याचा अर्थही आहे. पण परदेशीं निघालेल्या मुलाची आई घरांतून निघतांना 'पासपोर्ट घेतलास ना?' असेंच विचारते. गुणपत्रकावरही 'उत्तीर्ण' छापलेलें असतें, आणि तें हातांत घेऊन मुलगी धांवत घरीं येते ती 'पास झालें!' असें ओरडत.