गवारीचा डिंक आणि आडवी विहीर

अमेरिकेतील शेल वायूची कथा बहुधा एका जिद्दी माणसाची कथा म्हणून सांगितली जाते. ग्रीसमधून आलेल्या निर्वासितवजा गरीब बापाचा मुलगा जॉर्ज मिचेल, जन्म १९१९, गाव टेक्सासमधील गॅल्व्हस्टन. त्याची जिद्द खरीच. पण खर्चाचा हिशेब मांडला की या कथेत आणखी बरीच माणसे दिसू लागतात. त्यांतली काही आपल्या ओळखीची आहेत.

फोर्ट वर्थ शहराच्या परिसरात सात-आठ हजार फूट खोल बार्नेट नावाचा शेल खडक आहे. त्यात वायू आहे हे ठाऊक होते, पण खडकाची छिद्रे इतकी सूक्ष्म की वायू सुटून येत नसे. मिचेलच्या कंपनीने शिकागोकडे जाणाऱ्या वाहिनीला वायू पुरवण्याचा करार केला होता आणि वरचे थर आटत चालले होते. म्हणून १९८१ मध्ये तिने बार्नेटमध्ये पहिली विहीर घेतली. विहिरीत प्रचंड दाबाने द्रव सोडून खडकाला भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरायची, अशी ही रीत. वायू मिळे, पण खर्च भागत नसे.

या तोट्याच्या वर्षांत सरकार पाठीशी होते. १९७६ पासून अमेरिकी सरकारने पूर्वेकडील शेल खडकांचा अभ्यास हाती घेतला होता; १९८० च्या कायद्याने अशा अवघड वायूला करसवलत दिली. १९९१ मध्ये मिचेलने बार्नेटमध्ये आडवी विहीर घेतली, तीही गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मदतीने. म्हणजे एकट्याच्या जिद्दीमागे सार्वजनिक पैसाही होता.

खर्चाचा मोठा भाग त्या द्रवात होता. वाळू तरंगत राहावी म्हणून पाणी घट्ट करावे लागे, आणि त्यासाठी वापरत गवारीच्या बियांचा डिंक. आपण जिची भाजी करतो तीच गवार. तिचे सर्वांत मोठे पीक राजस्थानात. निक स्टाइन्सबर्गर या मिचेलच्या अभियंत्याला १९९७ मध्ये दिसले, की मिश्रण चुकून पातळ झालेली विहीरही बरी चालते. युनियन पॅसिफिक रिसोर्सेसचे लोक पूर्व टेक्सासच्या वालुकाश्मात पातळ पाणी वापरतात, हेही त्याला कळले. त्याने डिंक जवळजवळ काढून टाकला, घर्षण कमी करणारे थोडे रसायन ठेवले, पाणी वाढवले. १९९८ मध्ये हा प्रयोग साधला. खर्च उतरला आणि वायू वाढला.

२००२ च्या आरंभी डेव्हन एनर्जीने मिचेलची कंपनी सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला घेतली आणि पातळ पाण्याला आडव्या विहिरीची जोड दिली. आपल्याकडचा बोअर सरळ खाली जातो, पाण्याचा थर ओलांडतो आणि संपतो. आडवी विहीर थरापाशी वळते आणि त्याच थरातून हजारो फूट चालत राहते. तिला खर्च जास्त, पण खडकाशी तिची गाठ कितीतरी पटींनी अधिक.

पुढची बचत बारीकसारीक सुधारणांतून आली. छिद्रक कुठे आहे हे चिखलातील दाबाच्या स्पंदांवरून वर कळू लागले. कृत्रिम हिऱ्याच्या पात्यांची टोके आली, त्यामुळे टोक बदलण्यासाठी सगळे नळ वर काढण्याच्या खेपा कमी झाल्या. एकाच आवारातून अनेक विहिरी निघू लागल्या. खोदयंत्र सुटे न करता स्वतःच काही फूट सरकू लागले. यंत्राचे भाडे दिवसावर असते. दिवस वाचला की पैसा वाचला. २००९ मध्ये वायू उत्पादनात अमेरिका रशियाच्या पुढे गेली.

मग बचत कोणाच्या पदरात पडली? २००८ च्या उन्हाळ्यात दहा लाख बीटीयूला तेरा डॉलरच्या वर गेलेला दर एप्रिल २०१२ मध्ये दोनच्या खाली आला. ग्राहकाला लाभ झाला, पण स्वस्ताईच्या शर्यतीत खोदणारेच दमले. या उद्योगातील अग्रणी चेसापीक एनर्जीने जून २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. वापरलेले खारट पाणी खोल जमिनीत परत सोडणे हा स्वस्त मार्ग होता. तेल-वायूच्या अशाच पाण्यामुळे ओक्लाहोमात भूकंप वाढले. २०१६ मध्ये पॉनीजवळचा धक्का ५.८ तीव्रतेचा होता. ज्यांच्या भिंतींना तडे गेले, त्यांचा खर्च विहिरीच्या वहीत नोंदला गेला नव्हता.

गवारही परतली. वायूचा भाव पडल्यावर कंपन्या शेल तेलाकडे वळल्या आणि तेथील कामांत घट्ट द्रवाला पुन्हा मागणी आली. २०११-१२ मध्ये गवारीचे भाव अनेक पटींनी चढले. मार्च २०१२ मध्ये तिचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. पुढे भाव कोसळले. टेक्सासमधील हिशेबाने जोधपूरच्या बाजारात तेजीही आणली आणि मंदीही.

कोकणापर्यंतही हा वायू आला. गेलने डिसेंबर २०११ मध्ये शेनिएर एनर्जीशी वीस वर्षांचा करार केला आणि मार्च २०१८ मध्ये त्याचे पहिले जहाज लुइझियानाहून दाभोळला लागले. एन्रॉनच्या भांडणाने महाराष्ट्राला पाठ झालेले हेच ते दाभोळ. करारातला भाव अमेरिकी बाजाराच्या दराशी बांधलेला, त्यावर द्रवीकरणाचे शुल्क आणि समुद्रप्रवासाचे भाडे वेगळे. विहिरीच्या तोंडाशी स्वस्त असलेला वायू बंदरात तेवढाच स्वस्त राहत नाही.

मिचेल २०१३ मध्ये वारला. त्याच्या नावाने सांगितली जाणारी स्वस्ताई करदात्यांनी, अभियंत्यांनी, बुडालेल्या भागधारकांनी आणि गवार पेरणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून पेलली. खर्च कमी झाला असे कोणी सांगितले, की तो कोणाच्या वहीतून कोणाच्या वहीत गेला, एवढे पाहणे इतिहासकाराचे काम आहे.