जगद्वासी : एका सहीची कुळकथा

1868 साली ‘धर्मविवेचन’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झालं. लेखकाच्या जागी सही होती, ‘एक जगद्वासी आर्य’. सहीमागचा माणूस म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर, 1836 मध्ये मराठीचं व्याकरण सिद्ध करणारे. जगत् अधिक वासी, जगद्वासी. शब्द तोलून वापरणाऱ्या माणसानं तो सही म्हणून निवडला, म्हणून त्याचं कुळ शोधावंसं वाटतं.

आपल्याकडे माणसाची ओळख गावावरून होते. तर्खडकर हे आडनावसुद्धा वसईजवळच्या तर्खड गावाचं. ते बाजूला ठेवून सारं जग हेच आपलं गाव म्हणणं, ही साधी गोष्ट नव्हती.

या विचाराचं एक जुनं घराणं ग्रीसमध्ये आहे. कुठला म्हणून विचारल्यावर डायोजिनीसनं आपण जगाचा नागरिक असल्याचं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. पुढे सायप्रसच्या झेनोनं हा विचार उचलला. हा मूळचा व्यापारी. जहाज फुटलं, माल बुडाला आणि तो अथेन्सला तत्त्वज्ञानाकडे वळला, असं सांगतात. इ. स. पू. 300च्या सुमारास तो बाजारचौकालगतच्या चित्रं काढलेल्या ओसरीत शिकवू लागला. ग्रीकमध्ये अशा ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात, म्हणून त्याचे अनुयायी ‘स्टोइक’. त्यांचं म्हणणं असं, की विवेक सर्व माणसांना मिळालेला आहे, म्हणून सगळी माणसं एकाच नगरीची. आपल्या हाती असतो तो आपला निवाडा, आणि भीती बहुतेक वेळा चुकलेल्या निवाड्यातून जन्मते. तो सुधारला की मन शांत होतं. गुलामगिरीतून आलेला एपिक्टेटस आणि रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस, दोघेही याच घराण्यातले.

आपल्या शब्दाची दुसरी मुळं सुरतेत आहेत. तापीकाठच्या या बंदराचं वैभव तेव्हा मुंबईकडे गेलं होतं. 1837च्या आगीत हजारो घरं जळाली, त्याच वर्षी महापूरही आला. अशा शहरात दादोबा नोकरीनिमित्त राहत होते. 22 जून 1844 रोजी त्यांनी आणि दुर्गाराम मेहताजींनी इतर सहकाऱ्यांसह ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास ही त्यातली पाच नावं ‘द’पासून सुरू होणारी, म्हणून गुजरातीत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणतात.

सभेचं काम नेमकं भीतीवर होतं. भूतबाधा, मूठ, मंत्रतंत्र यांच्या धाकात लोक जगत होते. सभेनं जादूटोणा करणाऱ्यांना उघड आव्हान दिलं, शक्ती असेल तर चारचौघांत दाखवा. घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ म्हणून भागत नाही. ज्याला तो घाबरतो त्या गोष्टीची त्याच्यादेखत परीक्षा व्हावी लागते. मनःशांतीचा हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. दुर्गारामांनी सभेचा वृत्तांत रोजनिशीत नोंदवला आणि त्याच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी 1879 मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं.

दादोबा 1846 मध्ये मुंबईला गेले, पुढे दुर्गाराम राजकोटला, आणि सभा ओसरली. मुंबईत दादोबांच्या प्रेरणेनं परमहंस सभा उभी राहिली. मनुष्यजात एकच, हे तिचं मुख्य तत्त्व. तिचं काम मात्र गुप्तपणे चाले, कारण जातीबाहेर टाकण्याची शिक्षा खरी होती. त्या शिक्षेमुळे घर तुटे, लग्नं अडत. सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. 1867 मध्ये प्रार्थना समाज निघाला, त्याच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते.

ही सगळी वाट त्या सहीमागे आहे. दादोबांनी स्वतःचं नाव झाकलं, पण निनावी मात्र राहिले नाहीत. ज्याचं घर एका जातीपुरतं असतं, त्याला त्या घरातून हाकलता येतं, म्हणून त्याला भिववता येतं. जगद्वासी माणसाला कुठून हाकलणार?

आज खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं सुरतेत लिंबायत, उधना भागात नांदतात. ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न त्यांनाही रोज भेटतो. याच शहरात राहिलेल्या एका मराठी माणसानं त्याचं उत्तर एका शब्दात देऊन ठेवलं आहे.