एरंडेल, देवमासा आणि नव्वद नंबरचं ऑइल

आज पिकाची नोंद नाही, गाडीची आहे. पण वाचून बघा, विषय फिरून शेतावरच येतो.

गेल्या उन्हाळ्यात कांद्याच्या खेपा सुरू असताना आमच्या पिकअपचा मागचा आस रडायला लागला. आधी वाटलं, बेअरिंग गेलं असेल. खोललं तर क्राऊन-पिनियनच्या दातांवर ओरखडेच ओरखडे. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ट्रॅक्टरला टाकून उरलेलं ऑइल वर्षभरापूर्वी मीच डिफरन्शियलमध्ये ओतलं होतं. इथंही गिअर, तिथंही गिअर, मग ऑइल एकच चालेल, असा माझा हिशोब. तो कुठं चुकला हे समजायला जुना इतिहास बघावा लागला.

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ओढायचं काम बैलांचं, त्यामुळं अडचण येत नाही. वंगणाला एरंडेलात भिजवलेली चिंधी पुरायची. मोटारीचं तसं नाही. इंजिनानं दोन्ही चाकांना जोर द्यायचा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगानं जाऊही द्यायचं. ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच कारागिरानं १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. तेच आपलं डिफरन्शियल.

सुरुवातीच्या मोटारींत क्राऊन-पिनियनचे दात सरळ असत. १९०८ पासून निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही तसेच होते. असे दात एकमेकांवर मुख्यतः लोळतात, घासतात कमी. जाड तेल असलं की भागायचं. ‘जितकं घट्ट तितकं चांगलं’ ही समजूत त्या काळातली, आणि त्या काळापुरती बरोबरही.

पुढं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनं २०३, ४०३, ४०४ या गाड्यांच्या मागच्या आसात वर्म गिअर बसवला. पोलादी स्क्रू आणि ब्राँझचं चाक, सतत घासणं. त्यात चक्क एरंडेलापासून केलेलं तेल घालायला सांगत. म्हणजे आपल्या आजोबांचं वंगण काही अडाणीपणाचं नव्हतं. एरंडेल धातूला चिकटून राहतं, हा गुण खरा. आणि जगात सगळ्यात जास्त एरंडी आजही भारतातच पिकते, त्यातही गुजरातेत.

खरी उलथापालथ झाली १९२६ साली. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं हायपॉइड गिअर आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतो, थोडा खाली असतो. त्यामुळं शाफ्ट खाली गेला, गाडी बुटकी झाली, दातही मजबूत झाले. पण हे दात लोळता लोळता लांबीच्या दिशेनं घसरतातही. जोर इतका, की तेलाचा थर पिळून बाहेर निघतो आणि लोखंडाला लोखंड भिडतं. तेल कितीही घट्ट असो, तिथं टिकत नाही.

मग उपाय काय? गंधक. आपण द्राक्षावर भुरीसाठी मारतो तेच मूलद्रव्य, फक्त तेलात विरघळेल अशा रूपात. दात तापले की गंधक लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतो. घासला जातो तो थर, दात वाचतो. म्हणजे इथं राखण जाडीची नाही, रसायनाची.

हा गंधक तेलात नीट धरून ठेवायला स्पर्म देवमाशाचं तेल उत्तम निघालं. गंधक मिसळलेलं हे तेल कित्येक वर्षं गिअर ऑइलमध्ये जात होतं. १९७० मध्ये अमेरिकेनं हा देवमासा संकटग्रस्त यादीत टाकला आणि तेलाची आयात बंद झाली. पर्याय सापडला तो होहोबा या वाळवंटी झुडपात. त्याच्या बियांतलं तेल म्हणजे खरं तर पातळ मेण, देवमाशाच्या तेलासारखंच. ॲरिझोना, कॅलिफोर्नियात लोकांनी धडाधड लागवडी केल्या. आपल्याकडं जोधपूरच्या काजरी संस्थेनं हे झुडूप त्याआधीच आणून लावलं होतं. पण नर-मादी झाडं वेगळी, फुलं येईपर्यंत कोणतं कोण ते कळत नाही, उत्पन्नाला वर्षं लागतात. तोवर ऑइल कंपन्यांनी स्वस्त पर्याय शोधले. होहोबाचं तेल शेवटी मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांत गेलं. गिऱ्हाईक पक्कं नसताना नव्या पिकामागं धावणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा.

आता डब्यावरच्या अक्षरांकडं या. जीएल-४ आणि जीएल-५ हे घट्टपणाचे नंबर नाहीत, दातांवरचा जोर सोसायची प्रत आहे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची औषधं जीएल-४ च्या साधारण दुप्पट. हायपॉइड आसाला जीएल-५ लागतं. पण गंधक तांबं-पितळेला खातो, म्हणून पितळी रिंगा असलेल्या गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला. ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक असे एकाच टाकीवर चालत असतील, तर त्याचं ऑइल वेगळंच. ते हायपॉइडला पुरत नाही आणि हायपॉइडचं ऑइल ट्रॅक्टरच्या ब्रेकला चालत नाही.

घट्टपणा सांगतात ते नंबर म्हणजे ९०, ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४०. गिअर ऑइलचं ९० इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकंच घट्ट असतं, मोजपट्टी वेगळी आहे. म्हणून आधी गाडीचं पुस्तक उघडा, प्रत बघा, मग नंबर बघा. फक्त ‘नव्वद द्या’ म्हणून दुकानात उभं राहू नका.

मी उरलेलं ऑइल वाया जाऊ नये म्हणून ओतलं. वाचले ते काहीशे रुपये, गेला तो क्राऊन-पिनियनचा अख्खा जोड, आणि ऐन कांद्याच्या हंगामात गाडी आठ दिवस दारात उभी. आता शेडमध्ये दोन डबे वेगळे ठेवलेत आणि दोन्हींवर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘ट्रॅक्टर’ आणि ‘पिकअप’.