कृषिदूताचं गोत्र

चंडीगड म्हटलं की ल कार्बुझिए, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण या शहराचा पहिला आराखडा त्याचा नव्हे. 1950 साली ते काम आल्बर्ट मेयर या अमेरिकी नगररचनाकाराकडे होतं. त्याचा जोडीदार मॅथ्यू नोविकी त्याच वर्षी विमान अपघातात गेला, काम कार्बुझिएकडे आलं आणि मेयरनं काढलेले वळणदार रस्ते बरेचसे सरळ झाले. शहराच्या इतिहासात मेयर तळटिपेपुरता उरला. त्याचं दुसरं काम मात्र टिकलं. त्या कामाची पतवंडं दर पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या गावोगाव हिंडताना दिसतात. अंगात कॉलेजचा टी-शर्ट, काखेत फ्लेक्सची गुंडाळी, हातात वही. मुलगा असला तर कृषिदूत, मुलगी असली तर कृषिकन्या.

बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला ही मुलं गट करून गावात येतात. कार्यक्रमाचं सरकारी नाव लांबलचक आहे. मुलं नुसतं ‘रावे’ म्हणतात. गावाची पाहणी करायची, अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवायचं, 1 जुलैला कृषिदिन साजरा करायचा, रोजनिशी लिहायची. मग जिल्हा पानावर बातमी येते. तिच्यात प्रात्यक्षिकाला दोन ओळी असतात आणि प्राचार्य, समन्वयक, केंद्रप्रमुख, विषयतज्ज्ञ यांच्या नावांना लग्नपत्रिकेइतकी जागा.

या मंडळींचं मूळ शोधायला गेलं तर पहिला धागा आपल्याच पुण्यात सापडतो. हॅरल्ड मॅन 1907 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. मूळचा रसायनतज्ज्ञ, आसामच्या चहामळ्यांत काम केलेला. त्यानं महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळचं पिंपळे सौदागर गाव निवडलं आणि शेत न् शेत, घर न् घर पिंजून काढलं. कोणाकडे किती जमीन, किती तुकड्यांत, डोक्यावर कर्ज किती, हे सारं मांडून 1917 साली पुस्तक काढलं. 1771 मध्ये त्या गावात सरासरी 40 एकरांचं खातं होतं, ते 1914–15 पर्यंत 7 एकरांवर आलं होतं, हा आकडा त्यानंतर शेतीवर लिहिणाऱ्या प्रत्येकानं वापरला. आज पिंपळे सौदागरात एकरांची भाषा संपली, चौरस फुटांची सुरू झाली. पण कृषी महाविद्यालयानं फाटकाबाहेर पडून गावाला प्रश्न विचारायचे, ही रीत मॅननं घालून दिली. आजच्या रावेच्या वहीत सामाजिक-आर्थिक पाहणीचे जे तक्ते असतात, ते त्याच वंशातले.

दुसरा धागा ओहायोतला. 15 जानेवारी 1902 रोजी स्प्रिंगफील्ड गावात ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा अधीक्षकानं कचेरीच्या तळघरात शेतकऱ्यांची तीसेक मुलं-मुली जमवली. मका लावा, बाग करा, लिटमस कागदानं माती तपासा आणि केलेलं सगळं लिहून ठेवा, एवढंच सांगितलं. बाप नव्या बियाण्याला नाक मुरडत असे. पोराच्या मक्याला जास्त कणसं लागलेली बघितल्यावर त्याचं तोंड आपोआप बंद होई. त्या मंडळातून पुढे ‘फोर-एच’ची चळवळ झाली. 1928 साली कॅन्सस सिटीत 18 राज्यांतल्या 33 मुलांनी ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ उभी केली. ही दुसरी संघटना शाळेत शेती शिकणाऱ्यांची. तिथं प्रत्येकाचा स्वतःचा एक प्रकल्प असतो. डुकरं असोत, भाजी असो, त्याचा जमाखर्च त्यानंच ठेवायचा. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार मुलांमधून निवडायचे. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, उपसूचना आली तर काय करायचं, याच्या तिथं स्पर्धा होतात. मुलींना दार उघडायला मात्र त्यांनी 1969 साल उजाडू दिलं. ग्रॅहमच्या तळघरात त्या पहिल्या दिवसापासून होत्या.

ग्रॅहम 1905 साली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत विस्तारकार्याचा प्रमुख झाला. पन्नासेक वर्षांनी हेच विद्यापीठ पंजाबच्या कृषिशिक्षणाला हात द्यायला आलं आणि 1962 साली लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ उभं राहिलं. महाराष्ट्राच्या वाट्याला पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी आली. आपलं पहिलं कृषी विद्यापीठ 1968 चं, राहुरीचं.

आता मेयर. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याचा अभियंता म्हणून भारतात होता. नेहरूंशी गाठ पडली आणि 1948 साली उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात महेवा इथं त्यानं प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्याच्याआधी पंजाबातल्या गुडगावला एफ. एल. ब्रेन या कलेक्टरनं गावसुधारणेचा मोठा धडाका लावला होता. खतांचे खड्डे, खिडक्या, मुलींच्या शाळा, गावोगाव फिरणारे ‘ग्राममार्गदर्शक’. साहेबाची बदली झाली आणि खड्डे बुजले. मेयरनं उलटी चाल केली. काही गावांमागे एक तरुण कार्यकर्ता नेमायचा. तो शेती, आरोग्य, शाळा, सगळ्याचं थोडं थोडं जाणणारा असावा. तो भाषण देणार नाही, शेतकऱ्याच्याच शेतात दाखवून देईल. पंजाब 591 हा सुधारित गहू आणि तागाचं हिरवळीचं खत इटाव्याच्या शेतांत असंच गेलं. 2 ऑक्टोबर 1952 ला देशभर सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हा हाच कार्यकर्ता ग्रामसेवक होऊन खेडोपाडी पोचला. त्यानं करायच्या कामांच्या यादीत तरुण शेतकऱ्यांची मंडळं काढणं हेही होतं. त्यांतली बरीच कागदावर निघाली आणि कागदावरच मिटली.

म्हणजे गावात राहून दाखवून देणारा शिकलेला तरुण इटाव्यात घडला, आणि त्याला घडवणारा माणूस मधल्या काळात चंडीगडचे रस्ते आखत होता.

चंडीगडचा या कुळाशी आणखी एक संबंध आहे, तो मोहिंदरसिंग रंधावांमुळे. आयसीएस अधिकारी, पिंड वनस्पतिशास्त्रज्ञाचं. फाळणीनंतर पंजाबातल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी सांभाळलं. 1966 मध्ये चंडीगड केंद्रशासित झालं तेव्हा ते पहिले मुख्य आयुक्त झाले. शहराची झाडं आणि रोझ गार्डन त्यांच्या नावावर आहेत. 1968 साली ते लुधियानाच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस देशातल्या कृषी विद्यापीठांचा आढावा घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष. रावेच्या पुस्तिकांत हमखास येते ती 1992 ची रंधावा समिती मात्र वेगळी. चंडीगडचे रंधावा 1986 सालीच वारले होते. आडनाव सारखं, म्हणून परीक्षेत पोरं दोघांना एक करून टाकतात.

1992 च्या त्या समितीच्या शिफारशीतून ग्रामीण कार्यानुभव, म्हणजेच रावे, पदवीच्या अभ्यासक्रमात आला. 25 जुलै 2015 ला पंतप्रधानांनी त्याला ‘स्टुडंट रेडी’ असं नवं बारसं केलं. महाराष्ट्रानं कृषिदूत, कृषिकन्या ही आपली नावं चालू ठेवली, ते बरं केलं.

हे सगळं गावात उतरतं कसं, त्याचा एक नमुना सांगतो. द्राक्षाच्या गावात एक टक्का बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक चाललेलं असतं. एका पिंपात 50 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, दुसऱ्यात 50 लिटर पाण्यात एक किलो कळीचा चुना. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायची आणि काठीनं ढवळत राहायचं. रंग सुरेख निळा येतो. मुलगी पाठ केलेलं सगळं न अडखळता सांगते. मागं उभे असलेले एक काका विळा पुढे करतात. “हा बुडवून बघ बाळा.” विळा बाहेर काढला की पात्यावर तांबूस थर. चुना जुना होता, कमी पडला. हे मिश्रण मारलं असतं तर पानं करपली असती. काकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. चुन्याची निवळी आणखी ओतली जाते, विळा पुन्हा बुडतो, पुन्हा निघतो, या खेपेला स्वच्छ. त्या पाच मिनिटांत मुलीला जे मिळतं ते सात सत्रांत मिळत नाही: चार माणसांदेखत चुकायचं, तिथंच दुरुस्त करायचं आणि पुढचं बोलायचं. नेतृत्वविकासाच्या नावाखाली वातानुकूलित सभागृहात जी शिबिरं भरतात त्यांत विळा नसतो.

पण एक गोष्ट आपल्याकडे आलीच नाही. मॅनची पाहणी आली, मेयरचं प्रात्यक्षिक आलं, अमेरिकेची सत्रपद्धत आली. ग्रॅहमच्या पोराचा वाफा आणि त्याची जमाखर्चाची वही बोटीतच राहिली. आपला कृषिदूत दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या पैशानं, गुणांसाठी शेती दाखवतो. गटाचा प्रमुख बहुधा हजेरीपटावरून ठरतो किंवा सर ठरवतात. तोटा आला तर त्याचं काही जात नाही, म्हणून नफ्यातलंही त्याला काही कळत नाही. स्पर्धा परीक्षा, बँकेतली कृषी अधिकाऱ्याची जागा, कृषी सेवा केंद्राचा परवाना या वाटा पदवीमुळे खुल्या होतात आणि त्या वाईट नाहीत. मात्र त्या शेताच्या बांधावरून बाहेर जाणाऱ्या वाटा आहेत.

शेतकऱ्यांचं नेतृत्व आपल्याकडे कुठून आलं ते बघा. मार्च 1984 मध्ये भारतीय किसान युनियननं चंडीगडच्या राजभवनाला वेढा घातला, तेव्हा त्या आंदोलनात महाराष्ट्रातून गेलेले शरद जोशी होते. ते कृषी पदवीधर नव्हते. वाणिज्य शिकलेले, टपाल खात्यातले, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी केलेले. परत येऊन चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः कसली आणि पै-पैचा हिशेब लिहिला. खर्च आणि भाव जुळेनात, तिथून शेतकरी संघटनेचा सगळा विचार सुरू झाला. ओहायोतल्या पोराला जी वही मिळाली होती, ती जोशींनी चाळिशी ओलांडल्यावर स्वतःहून हातात घेतली. आपल्या कृषी महाविद्यालयांनी ती विसाव्या वर्षी द्यायला काय हरकत आहे?

याला कुठला अध्यादेश लागत नाही. रावेचा गट खरिपात दोन-तीन महिने गावात असतो. मेथी महिन्यात निघते, कोथिंबीर दीड महिन्यात, मूग साठ-पासष्ट दिवसांत. तुमच्या गावात पोरं आली आणि तुमच्याकडे पाण्याखालची जमीन असेल, तर शाल-नारळावर भागवू नका. पाच गुंठे द्या. बियाणं त्यांच्या पैशानं, गटाचा प्रमुख त्यांच्या मतानं आणि बाजारात माल त्यांनीच न्यायचा. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन हातात उरेल ते त्यांचं. नाही उरलं, तर तेही त्यांचंच.